मामीच्या पिशवीची दांडी

२ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची लांबडी गाडी सुखरूप पोचली आणि तिच्याबरोबर मीही. स्टेशन वॅगन घेऊन गुरांची डॉक्टर येतेय म्हटल्यावर इथे सगळे बघायला जमले होते. मागच्या जागेत लसींची बर्फपेटी, दोरखंड, बादल्या आणि वर एखादं वासरू आरामात मावतं. आमचे कंपाउंडर म्हणाले की गाडी तुमच्यापेक्षा वयाने मोठी दिसते. मी म्हटलं, मोठी आहे आणि शहाणीही.

पण काल तिने माझं नाक कापलं. गिअरशेजारची छोटी दांडी, जिच्यावर मामीची निळी पिशवी बावीस वर्षं लटकायची, ती मी हौसेने ‘चार चाकं’वर टाकली आणि बाजारातून निघाले. दोन चाकांनी ओढण्यापेक्षा चारांनी ओढलेलं बरं, असा माझा हिशोब. तर प्रत्येक वळणावर गाडी अडखळायला लागली, टायर कुरकुरले, स्टिअरिंग जड झालं. बेकरीवाला हातातलं काम सोडून बघत उभा राहिला. आता दांडी मागे यायलाही तयार नाही. तिसऱ्या खुणेवरची ‘लो’ ही अक्षरं तर झिजून जेमतेम वाचता येतात. तुम्ही ती कशासाठी वापरायचात, तेही कळवा.

मामीला नमस्कार. गाडी दिलीत तसा सल्लाही द्या, परत न मागण्याच्या बोलीवर.

तुमची,
भिंगरी

५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी पोटभर हसलो. तुझी मामी हसली नाही. पोरीला आधी समजावून द्यायला हवं होतं, असं तिचं म्हणणं पडलं. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला घरात हे ऐकावं लागतं.

आपण घर बदललं तेव्हा चौघांनी कपाट उचलून जिन्याच्या वळणावरून नेलं होतं, आठवतं? बाहेरच्या अंगाच्या माणसांना जास्त चालावं लागलं, आतल्यांना कमी. गाडी वळते तेव्हा चाकांचंही तसंच होतं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. आपल्या जुन्या गाडीत ‘चार चाकं’ टाकली की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना करकचून बांधले जातात. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरतं आणि हिशोब जुळवून घेतं. कोरड्या डांबरावर ते घसरणार कुठे? मग सगळा पीळ गिअरच्या आतल्या दातांवर येतो आणि दांडी अडकते. मातीच्या सपाट रस्त्यावर सरळ रेषेत वीसेक पावलं मागे घे, पीळ सुटेल. आणि निसरड्याशिवाय ती दांडी पुढे ढकलू नकोस.

‘लो’चं म्हणशील तर बावीस वर्षांत मी त्या खुणेला हात लावला नाही आणि माझं काही अडलं नाही. अक्षरं पिशवीच्या बंदाने झिजली असतील. या पत्राची नक्कल नेहमीप्रमाणे माझ्या फायलीत आहे, तेव्हा नंतर माझ्या तोंडी भलतं काही घालू नकोस.

हसलो म्हणून रागावू नये, एवढं मागून थांबतो.

तुझा,
मामा

१२ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

वीस पावलांत दांडी लोण्यासारखी सुटली. बेकरीवाल्याने ते पाहिलं नाही, याचं वाईट वाटतं.

आता हसण्यासारखं नाही ते सांगते. डोंगरावर सतरा गोठे आहेत आणि दर मंगळवारी मी तिथे पोचायचं असतं. वाटेत चिकणमातीचा चढ आहे, झऱ्याच्या पाण्याने कायम ओला. काल चार चाकं टाकून चढले. अर्ध्यावर इंजिनाला धाप लागली आणि ते बंद पडलं. मी ब्रेक दाबला तर चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. ती मागे घसरत येऊन झुडपात टेकली. मला लागलं नाही, लांबडीचा एक दिवा गेला.

हा तिसरा मंगळवार हुकला. साहेबांनी लेखी कळवलंय की २५ तारखेपर्यंत वर पोचला नाहीत तर वरची फेरी बंद. मग त्या लोकांना डॉक्टरच नाही. काल संध्याकाळी वरच्या एक बाई आजारी वासरू खांद्यावर घेऊन दोन तास चालत खाली आल्या. वासरू वाचलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांनी मलाच काही लागलं नाही ना, असं विचारलं.

‘लो’ अशा चढासाठीच असते का? नीट सांगा. चेष्टा पुढच्या पत्रात करा.

तुमची,
भिंगरी

१५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

जी वाट चार चाकांनी चढत नाही ती चढू नये, एवढं मला कळतं. साहेबांना सांगून खालची फेरी माग. दिवा मी पाठवतो. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?

चेष्टा करायला आज जमत नाही, तेवढी उधार ठेव.

तुझा,
मामा

१६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मामांना न सांगता लिहितेय. वाचून झालं की चुलीत घाल, गॅस असेल तर फाडून टाक.

मी नर्स होते तेव्हा दर बुधवारी गाडी माझ्याकडे असायची, हे तुला माहीत आहे. दगडखाणीच्या वस्तीवर लस द्यायला जायचे, तो रस्ता कसा होता हे घरात कुणाला माहीत नाही. खाणीतल्या डंपरवाल्याने मला ‘लो’ शिकवली. अठरा वर्षं वापरली. परत येताना पिशवी पुन्हा दांडीवर अडकवायची की झालं. मामांना सांगितलं असतं तर काळजीने त्यांनी मला घरी बसवलं असतं. शिवाय आपल्या गाडीला ‘लो’ लागतच नाही, हे ते पाहुण्यांना किती ऐटीत सांगायचे, ते तू ऐकलं आहेस.

चढाच्या पायथ्याशी पूर्ण थांब. अर्ध्यावर बदलायला जाऊ नकोस. क्लच दाबून दांडी ‘लो’वर, मग पहिला गिअर. गाडी मुंगीच्या पावलाने निघेल, पण इंजिनाला दम लागणार नाही. घाई करू नकोस. उतरताना तोच गिअर ठेव आणि क्लचला पाय लावू नकोस, इंजिनच तिला धरून ठेवतं. ब्रेकची सवय विसर. आणि लक्षात ठेव, ‘लो’ ताकद देते, पकड देत नाही. पकड टायरची. त्यांची नक्षी झिजली असेल तर आधी टायर बदल, मग चढ.

आधी रिकाम्या गाडीने करून बघ. भीती वाटली तर परत फिर, त्यात कमीपणा नाही.

पोचल्याचं कळव, पण मला नको, त्यांनाच लिही. मी तोंड बघून ओळखेन.

तुझी,
मामी

२६ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

टायर बदलले, रविवारी रिकामी गाडी दोनदा वर नेऊन आणली आणि काल बर्फपेटीसकट सतराही गोठे केले. वासरूवाल्या बाई चढाच्या टोकावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की गाडी दिसायच्या आधी बराच वेळ नुसता आवाजच येत होता, त्यांना वाटलं आज काही ही पोचत नाही. फेरी चालू राहील असं साहेबांनी लिहून दिलं.

पायथ्याशी थांबून ‘लो’ टाकायचा आणि उतरताना क्लच सोडून द्यायचा तुमचा सल्ला अगदी कामी आला. गणिताच्या मास्तरांना मानलं.

दिवा मिळाला. आता उधार ठेवलेली चेष्टा व्याजासकट येऊ द्या.

तुमची,
भिंगरी

३० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग फाईल काढली. असा सल्ला मी दिल्याची नक्कल तीत नाही. खोटं बोलावं तर नकला न ठेवणाऱ्या मामाशी बोलावं.

पिशवीच्या कापडी बंदाने कोरलेली अक्षरं झिजत नाहीत, एवढं मला तेव्हाही कळत होतं. अठरा वर्षं दर गुरुवारी सकाळी चाकांवरच्या कमानीत वाळलेला लाल चिखल असायचा. आपल्या घरापासून तिच्या दवाखान्यापर्यंत लाल माती कुठेच नाही. तो मी धुऊन काढायचो. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं, आणि मी तिला जाऊ दिलं नसतं. माझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून विचारलं नाही. बुधवारी ती घरी येईपर्यंत मला जेवण जायचं नाही. तुला खालची फेरी माग म्हणून लिहिलं तेव्हा तीच जुनी भीती पुन्हा वर आली होती.

काल जेवताना मी तिला विचारलं की ‘लो’ म्हणजे नक्की काय असतं. मग चमचे आणि वाट्या मांडून तिने सगळं समजावलं. चाळीस वर्षांत मला एवढं नीट कुणी काही शिकवलं नाही.

येत्या मंगळवारी आम्ही बसने येतो. वरच्या फेरीला गाडी मामी चालवेल. तू मागे बर्फपेटी धरून बस. मी तिच्या शेजारी बसेन, आणि पिशवी माझ्या मांडीवर असेल.

तुझा,
मामा