बोटीच्या पोटातलं पाणी

प्रिय सूनबाई,

माझं अक्षर पाहून आधी घाबरली असशील, म्हणून पहिल्याच दमात सांगते, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझा नवरा तर जरा जास्तच धडधाकट आहे, त्याच्या पँटचं बटण मी आता जाड दोऱ्याने लावते. फोन सोडून कागद का हातात घेतला ते शेवटी सांगेन. लगेच शेवटचं पान उलटू नकोस, तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

बातमी अशी आहे की आपली बोट पळायला लागली.

हस खुशाल. त्या बोटीतून आठवडाभर कामावर जाऊन बघितलंयस तू, तुला हसायचा हक्क आहे. मोटर पूर्ण ताणली तरी बोटीचं नाक आभाळाकडे, बूड पाण्यात, आणि मागे फेसाचा ढीग ओढत चाललोय. काठाच्या रस्त्यावरून जाणारा सायकलवाला आपल्याला मागे टाकायचा आणि वर हातही हलवायचा. फेरी बंद पडल्यापासून रस्त्याने वळसा घालून जायचं तर निम्मा दिवस जातो, आणि बोटीने तास-सव्वातास. उशिरा, ओल्या बाह्यांनी तू हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पोहोचायचीस आणि तुझ्या मोठ्या बाई रक्ताच्या बाटल्या मांडता मांडता सगळ्यांसमोर विचारायच्या, "आज पोहत आलात वाटतं?" तू घरी येऊन नक्कल करून दाखवलीस, आम्ही हसलो. पण पुढच्याच सोमवारी तू तिकडे खोली घेतलीस. तेव्हापासून शनिवारी येतेस, रविवारी जातेस. आता घरमालकीण म्हणते, महिना संपायच्या आत वर्षाच्या करारावर सही करा, नाहीतर दुसरं बिऱ्हाड तयार आहे. हे मला तुझ्या नवऱ्याने सांगितलं. एवढंसं बोलायला त्याला दोन तांबे पाणी लागलं.

मी त्याला म्हटलं, बोट वेळेत पोहोचली तर सूनबाईला खोली लागणार नाही, हो ना? तो हो म्हणाला. मग म्हटलं, बोटीचं मी बघते.

जेटीवर गेले तर आपला मेकॅनिक सायलेन्सर दुसऱ्या कुणाची मोटर उघडून बसला होता. तोंडाला कधी झाकण नाही म्हणून त्याचं ते नाव पडलंय, हे त्याला सोडून सगळ्या जेटीला माहीत आहे. तो म्हणाला, "काकू, याच्या दुप्पट मोटर लावा. बोट प्लेन झाली पाहिजे, प्लेन. पाणी कापत नाही जायचं, पाण्यावरून घसरत जायचं." मी विचारलं, आहे त्या मोटरने का घसरत नाही? तर म्हणतो, "शिडाची बोट ती, तिचा स्वभावच नाही." स्वभावाचं मला सांगू नकोस म्हटलं, मी तीस वर्षं बोटींना ताडपत्रीची आच्छादनं शिवतेय. माप चुकलं की लोक कापडाच्या स्वभावावर ढकलतात.

आधी म्हटलं, बुडाला शेवाळ धरलं असेल, ते खरवडू. बोट उतारावरून वर ओढायला घेतली. यंत्रावरचा माणूस दोरखंड ताणताना असा कण्हत होता की जणू यंत्र नाही, तोच ओढतोय. मला म्हणाला, "काकू, आत दगड भरलेत काय?" मी सहज म्हटलं, दगड नाही रे, पाणी आहे. आणि म्हणता म्हणता मी फळ्यांखाली वाकून बघितलं.

तुला कदाचित कुणी सांगितलंही नसेल. आपल्या बोटीच्या तळाशी, बसायच्या फळ्यांखाली, एक मोठी टाकी आहे आणि ती कायम भरलेली असते. तुझ्या सासऱ्यांचा नियम होता, त्या टाकीचं बूच उघडायचं नाही, बोट उलटेल. ते गेले तरी नियम राहिला. आपण दर वर्षी बोट रंगवतो तेव्हा ते बूचही रंगवतो, इतक्या भक्तिभावाने की आता ते बूच आहे हेही ओळखू येत नाही. मोटर नवी आली, डोलकाठी आडवी झाली, शीड माळ्यावर गेलं, पण पाणी मात्र आपण नित्यनेमाने इकडून तिकडे नेत होतो. तू कामावर जायचीस ती चार माणसांच्या वजनाचं पाणी सोबत घेऊन.

त्या उतारावरच बसून मी विचार केला. ते म्हणायचे ते खोटं नव्हतं. शिडावर वारा बसला की बोट कलते, तेव्हा पोटातलं ते वजन तिला परत सरळ आणतं. पण शीडच नसेल तर तिला कलवणार कोण? मग ते वजन कुणासाठी? तुझ्या नवऱ्याला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. "बाबा नको म्हणायचे," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, बाबा वारा बघून बोलायचे, आपण भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे बघून बोलतोय. चाकूने रंग खरवडला, पाना लावला, बूच फिरलं. पाणी निघालं ते निघतच राहिलं. तपकिरी, शिळं. सायलेन्सर येऊन बघत उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही.

पण लगेच काही झालं नाही हं. रिकाम्या पोटाने पहिल्यांदा पाण्यात नेली तर नाक इतकं वर की समोरचं काही दिसेना, आणि बाजूंना अशी डगमगली की मी फळीला घट्ट धरून बसले. भीती वाटली, लपवत नाही. तेव्हा कायदे केले. शीड उभारायचं असेल तर आधी टाकी भरायची. रिकामी असताना कुणी उभं राहायचं नाही, वारा उठला तर निघायचंच नाही. मग शिडासाठी बुडाखाली सोडलेली मधली फळी वर ओढली, सुकाणू वर घेतलं, मोटरचा कोन एक खाच आत घेतला, आणि मागच्या कप्प्यांतलं सामान उतरवलं. काय काय निघालं म्हणून सांगू. दोन जादा नांगर, गंजका स्टोव्ह, आतल्या रंगाचा दगड झालेले डबे, तुझ्या सासऱ्यांनी कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या आणि कधीच न लागलेल्या साखळ्या. मोटरशेजारच्या कप्प्यातलं एक गाठोडं तेवढं मी उघडून पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं. त्याबद्दल पुढे सांगते.

दुसऱ्या खेपेला तुझ्या नवऱ्याला अगदी पुढच्या टोकाशी बसवलं. म्हटलं, जन्मभर जेवलास त्याचा आज उपयोग आहे. रुसून बसला, पण बसला. मी मोटरचा दांडा हातात घेतला आणि मोटर पूर्ण ताणली. आधी नेहमीचंच. नाक वर, मागे ढीग, नुसता आरडाओरडा. बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत असते गं, आणि अर्ध्यावर दमते. आपण इतके दिवस त्या अर्ध्यावरच प्रवास करत होतो. मी त्याला ओरडून म्हटलं, पुढे वाक. तो वाकला, आणि बोट त्या चढावरून पलीकडे आली. नाक खाली आलं, समोरचा काठ दिसला, मोटरचा आवाज घोगरा होता तो मोकळा झाला. मागे बघते तर ढीग नाही, इस्त्री केल्यासारखी सपाट रेघ. मोटर थोडी कमी केली तरी ती खाली बसेना. तुझा नवरा पुढून वळून बघत होता, केस सगळे उभे, आणि शाळेतून सुटल्यासारखा हसत होता. तुमच्या लग्नातही तो इतका हसला नव्हता, पण ते तू मनावर घेऊ नकोस, तेव्हा त्याचे बूट चावत होते.

काठावरचा सायकलवालाही दिसला. मी हात हलवला.

आता त्या गाठोड्याचं. तू खोलीवर गेलीस त्या दिवशी मी दाराशी झाडत होते, तर तुझ्या निळ्या रबरी चपला जागेवर नव्हत्या. घरात घालायच्या त्या. कपडे नेलेस, पुस्तकं नेलीस, त्याचं काही वाटलं नाही. पण घरातल्या चपलाही नेल्या, म्हणजे घर तिकडेच मांडलं, असं माझ्या मनाने घेतलं. त्यात शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, "नोकरीचं काय, निमित्त असतं हो. सून अलगद बाजूला झाली." मी तिला म्हटलं, तुझ्याकडे कुणाचा तरी सदरा करपतोय, तिकडे बघ. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि बसून राहिलं. बोटीच्या मागे मी इतकी का लागले, तर बोट पळाली की तुला निमित्त उरणार नाही आणि एकदाचं काय ते कळेल. कळायचीही भीती, न कळायचीही.

त्या गाठोड्यात तुझ्या निळ्या चपला होत्या. ओल्या फळीवर घसरू नये म्हणून ठेवलेल्या. आणि जुन्या पडद्याची एक उशी, मोटरशेजारच्या बैठकीच्या बरोब्बर मापाची, वळणावर दोरा गोळा झालेली. ती शिवण दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही, मी इतकं शिकवूनही तू वळणावर कापड ओढतेसच. आठवड्याभरासाठी कुणी माप घेऊन उशी शिवत नाही. तुझ्या नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "मला वाटलं तुझंच आहे." आत जाऊन तोंड धुतलं, चहा टाकला आणि किती दिवसांनी पोटभर जेवले.

हे पत्र मी त्याच उशीवर बसून लिहितेय. तुझ्या हॉस्पिटलच्या खालच्या जेटीवर आहे. एकटी आले, तुझ्या नवऱ्याच्या जागी पुढे पाण्याचे दोन कॅन ठेवून. घरून थर्मास न घेता नुसत्या झाकणाच्या पेल्यात चहा आणला होता, इथे येऊन प्यायले तेव्हा कोमट होता, गार नव्हे. वर येऊन तुला भेटता आलं असतं. पण मी समोर उभी राहिले किंवा फोनवर बोलले की तू लगेच हो म्हणशील, आणि ते हो तू सासूला दिलेलं असेल. मला ते नको आहे. करारावर सही करायची तर बिनधास्त कर, तुझी म्हणून एक खोली असावीशी वाटत असेल तर त्यातही वावगं काही नाही. फक्त बोट पोहोचत नाही म्हणून करू नकोस. हा कागद गेटवरच्या वॉचमनकडे देते आणि वारा उठायच्या आत परत निघते. सोमवारी सकाळी बोट तयार असेल. आता तिच्यात जुनं काही ठेवलेलं नाही, तुझ्या चपला आणि उशी तेवढी आहे.

तुझीच,
मोटरच्या दांड्याशी बसलेली आई