ओमचं माप

पोलादपूर एस. टी. स्टँड,
दुपारी

प्रिय मेहरू,

फोन केला असता तर तू नेहमीसारखं हसवलं असतंस आणि मीही हसून फोन ठेवून दिला असता, म्हणून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं येतंय, समजून घे. स्टँडच्या बाकड्यावर वही मांडीवर घेऊन बसलेय. महाडची गाडी आत्ता माझ्या डोळ्यांदेखत गेली. पूर्वी आपण दोघी धावत सुटायचो आणि कंडक्टर घंटी न मारता थांबायचा. आता माझ्या गुडघ्यांनी तो नाद सोडलाय. रोजे चालू असतील तुझे. म्हसळ्याच्या वाड्या तरी सपाटीला आहेत का गं? उन्हाची फार फिरू नकोस. सईदभाईंना नमस्कार सांग, आणि अरीबाला म्हणावं, परीक्षेच्या आधी रात्रभर जागायचं नाही.

कायम होणाऱ्यांच्या यादीत आपल्या दोघींची नावं आलीत, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. अठरा वर्षं! दर जूनला नवी ऑर्डर येईल की नाही, या धाकात अठरा वर्षं काढली आपण. दिव्यांग मुलांच्या घरी जाऊन शिकवणाऱ्या बाई म्हटलं की लोकांना वाटतं, या काय, फिरतात नि चहा पितात. यादी बघून मला उड्या मारायला हव्या होत्या. मी मात्र मोबाइल पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेले. का, ते सांगायलाच हे पत्र आहे, पण जरा वळसा घालून येते. सरळ सांगायची हिंमत होत नाहीये.

कापड्याच्या वरच्या वाडीतली सेजल आठवते ना? हातपाय ताठ, मान सावरत नाही, पण डोळ्यांत सगळं कळतं अशी. आणि ते मोजमाप शिबिर? मुलांची मापं घेऊन आधाराच्या खुर्च्या, पायाला बांधायचे कॅलिपर मागवायचे होते. चार वाजता यादी बंद होणार, माप घेणारा तंत्रज्ञ घड्याळ बघतोय, आणि सेजलची आई चंद्राबाई धापा टाकत आली ती तिच्या धाकट्या ओमचा हात धरून. पोरीला ताप हाय बाई, खाली आनली तर हातची जाईल, पन ह्यो तिच्याच येवढा हाय, ह्याचं माप घ्या, असं म्हणाली. आपण पोट धरून हसलो. शाळेचा शर्ट शिवायचाय का चंद्राबाई, असं तू विचारलंस. मग हसू ओसरलं. पुढचं शिबिर कधी, कुणालाच माहीत नव्हतं. तू टेप घेतलीस, ओमला मापलंस, स्लिप लिहून सही केलीस. खाली समक्ष म्हणून माझी सही. ओम नवरदेवासारखा ताठ बसला होता. त्याला आपण चिक्की दिली, स्वतः वडापाव खाल्ला आणि फार मोठं चांगलं काम केल्याच्या थाटात घरी गेलो.

खुर्ची दीड वर्षाने आली. तोवर तू म्हसळ्याला गेली होतीस. सेजलला तिच्यात बसवली तर गुडघे हातभर पुढे, पट्टा पोटावरून पुरेना, डोक्याला टेकायची गादी खांद्यात रुतायला लागली. उड्या मारणाऱ्या पोराचं माप ते, ताठरलेल्या पोरीला कसं बसणार? आणि तरी मी फोटो काढला, मेहरू. त्याच दिवशी फोटो संगणकावर चढवायचा होता. चंद्राबाईने मागून लपून तिला धरून ठेवली आणि सेजल हसली. कॅमेरा दिसला की हसतेच ती. फोटोत पोरगी खुर्चीत मजेत बसलेली दिसते. लगेच ‘लाभ दिला’ अशी नोंद झाली. हे तू केलं नाहीस, चंद्राबाईने केलं नाही. हे माझं.

तुला हे मी कधी बोलले नाही. गोधड्या घालून बघितल्या, इथल्या वेल्डरला दाखवली, पण ती वाढवण्यातली नाहीच. आता तिच्यात कोंबडी अंडी घालते. सेजल अकराची झाली. महाडच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर म्हणाल्या, पाठ वाकायला लागलीय, आताच आधार देऊन बसवली नाही तर पुढे बसणंच होणार नाही. आणि वाडीच्या शाळेत सुनील गुरुजी नवे आलेत, चांगले आहेत, तिला घरी कशाला शिकवता, माझ्या वर्गात पुढे बसवा म्हणतात. तिचा बाप भरत शिमग्याला मुंबईहून आला आणि चार दिवस खपून त्याने शाळेच्या पायरीला दगडमातीचा उतार करून दिला. सगळं तयार आहे गं. फक्त पोरगी बसणार कशावर? अक्षरं ओळखते ती, मी पाटी धरली की बरोबर अक्षरावर नजर नेते. पण आडवं पडून फळा दिसत नाही, कौलं दिसतात.

जानेवारीत मी ऑफिसात विचारलं. एक खुर्ची मिळाल्याची नोंद आहे तोवर दुसरी नाही म्हणाले. पहिलं माप चुकलं असेल तर ज्यांनी घेतलं त्यांनी तसा लेखी खुलासा द्यायचा. मी बरं म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर आले ती दोन महिने खुलासा लिहिलाच नाही. यादी लागायची होती ना. लाज वाटते मला. चाळीस मुलांच्या आयांना धीर धरा म्हणत हिंडते आणि स्वतःच्या सहीचं कुणाला सांगत नाही.

आज सकाळी वाडीवर गेले होते. सेजलला सतरंजीवर घेऊन टेप काढली, तर चंद्राबाई म्हणाली, थांबा बाई, ओमला हाक मारते. मला वाटलं टोमणा मारतेय. नाही गं. तिला खरंच वाटतं, मागच्या वेळी ओमचं माप दिलं म्हणून खुर्ची तरी आली, आपण दोघींनी तिच्यावर उपकार केले. निघताना तिने मला चार अंडी बांधून दिली. त्याच खुर्चीतली. पिशवी आत्ता माझ्या शेजारी आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

तर सोबत खुलासा जोडलाय. फोटोचा दोष माझ्या एकटीच्या नावावर लिहिलाय. मापाचा मात्र दोघींच्या. तुझं नाव वगळावं असं फार वाटलं, दोनदा कागद फाडले, पण स्लिप तुझ्या अक्षरात आहे, आणि अर्धं खोटं लिहून पोरीला खुर्ची मिळणार नाही. कायम करण्याआधी अलिबागला जिल्ह्याच्या ऑफिसात आपली कागदपत्रं तपासतील तेव्हा हा कागदही तिथे असेल. आपलं काय होईल मला माहीत नाही. तू रागावलीस तर तो राग मी सोसेन. ईद होऊ दे तुझी नीट, त्यानंतरच्या सोमवारी मी खुलासा देणार. तुझी सही आली तर दोघींचा, नाही आली तर माझ्या एकटीच्या सहीने. माझी सही केलीय. तुझ्या सहीच्या वर नव्या मापाची जागा कोरी ठेवलीय. कंबर ते गुडघा साडेचौदा इंच, गुडघा ते टाच साडेतेरा, बसून डोक्यापर्यंत बावीस. सेजलचंच आहे, ओम शाळेत गेला होता. तुझ्या हाताने लिही मेहरू, तुझं अक्षर माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

काहीही ठरवलंस तरी तुझीच,
राजश्री