साबिना माइताचं तिसरं वर्ष

ला पाझ,
३ नोव्हेंबर २०१६

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू, गोंसालो भावोजी आणि मुलं खुशाल असाल, असं रीतीप्रमाणे लिहिते. तू खुशाल नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला आनंद झालाय हेही आधीच सांगून टाकते. उगाच आडून बोलण्याचा आरोप नको.

तुमच्या हॉटेलात पाहुण्यांनी अभिप्राय लिहावा म्हणून खोलीत एक छोटंसं कार्ड ठेवलेलं असतं. माझा अभिप्राय त्यात मावेना, म्हणून हे पत्र. खोली छान होती. पलंग एवढा की आडवीतिडवी लोळून बघितलं तरी कड लागेना. एका बाईला पाच टॉवेल कशाला लागतात, ते काही कळलं नाही. सूप मात्र पाणचट. आमच्या कापडबाजारासमोर बसणारी सिप्रियाना असलं सूप कुणापुढे ठेवायला लाजेल. भावोजी मालक असून स्वयंपाकघरात डोकावत नाहीत वाटतं.

दारावरच्या मिशाळ माणसाने माझ्या पोल्येरा घागऱ्याचा घेर, शाल, डोक्यावरची गोल हॅट, सगळं नजरेने मोजलं आणि म्हणाला, ‘मावशी, माल मागच्या दाराने.’

‘माल नाही दादा, पाहुणी आहे. पाचव्या मजल्यावरची मोठी खोली, दोन रात्री,’ मी म्हटलं. ‘आता ती पेटी उचला. जपून, आत माझी आई आहे.’

पेटीत आईचा फोटो होता आणि तिच्या नावाने वाटायचे, चेहरे लावून भाजलेले साठ पाव. पण बिचाऱ्याने ती दोन्ही हातांनी छातीशी धरून वर नेली.

मी सर्वसंतांच्या दिवशीच का आले, हे तुला सांगायला नको. मेलेलं माणूस त्या दुपारी बाराला घरी येतं, दुसऱ्या दिवशी बाराला जातं, आणि त्याच्यासाठी टेबल मांडायचं ते तीनच वर्षं. आईचं हे तिसरं, शेवटचं. पहिली दोन मी माझ्या घरी मांडली. तुला निरोपावर निरोप धाडले, तू मिठाची गुळणी धरून बसलीस. तेव्हाच ठरवलं, की शेवटचं टेबल तुझ्याच छपराखाली मांडायचं आणि आईला पुढच्या दाराने आत आणायचं.

बावीस वर्षांपूर्वी तुझ्या लग्नात तिला याच दारावर अडवलं होतं. पोल्येरा नेसलेल्या बाईला आत घेत नाहीत, म्हणाले. ‘ती आमची स्वयंपाकीण आहे, मागून पाठवा,’ असं त्यांना सांगण्यात आलं. तू पांढऱ्या झग्यात तिथेच उभी होतीस. पोटच्या पोरीच्या लग्नाचं जेवण आईने भांडी घासणाऱ्या बायकांमध्ये उभ्याने जेवलं. घरी आल्यावर म्हणाली, ‘जेवण चांगलं होतं.’ मरेपर्यंत त्यावर दुसरं अक्षर काढलं नाही.

म्हणून परवा टेबल मांडलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधोमध फोटो, तिचं आवडतं सूप (घरून आणलेलं), कोकाची पानं, सिगारेटी. प्रार्थना म्हणणारे तोमासकाका आणि दोन बासरीवाले पुढच्याच लिफ्टने वर आले. आणि चार वाजता मी पावांची परात घेऊन खाली, तुझ्या मैत्रिणींचा चहा चालतो त्या दालनात गेले.

तुझा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

तुझ्या शेजारी बसलेल्या मातिल्देबाईंनी आधी पाव घेतला. पाव हातात घेतला की मेलेल्याचं नाव विचारून प्रार्थना म्हणावीच लागते. ते तुमच्या उंच टाचांनाही चुकलेलं नाही. ‘कुणासाठी म्हणू, बाई?’

‘साबिना माइता. या लिओनार्दाची आई.’

तू गोड हसलीस. ‘यांचा काहीतरी गैरसमज झालाय. माझी आई मी पाच वर्षांची असतानाच सुक्रेला वारली.’

‘असेल बाई, माझंच चुकलं असेल,’ मी म्हटलं. ‘साबिनाचं हे दुसरं वर्ष. पुढच्या वर्षी निरोप देऊ तिला.’

‘तिसरं,’ तू म्हणालीस.

मी मुद्दाम चुकले होते, ताई. वर्ष चुकलं तर जीव धड इकडे नाही धड तिकडे राहतो, हे आईनेच आपल्या डोक्यात भरलंय. ते ऐकून तुला गप्प बसवणार नाही, याची मला खात्री होती.

‘लिओनार्दा, तुला गं कसं माहीत?’ मातिल्देबाईंनी विचारलं. तू चहाचा कप ओठांना लावलास. मग त्यांनी डोळे मिटून साबिना माइतासाठी प्रार्थना म्हटली. बाकीच्यांनीही म्हटली. तू तेवढी पाटी पुसल्यासारखा चेहरा करून बसलीस. मला इतकं बरं वाटलं की वर जाऊन ते पाणचट सूप मी परत मागवलं.

इथेच पत्र संपवणार होते.

काल बाराला पंधरा मिनिटं असताना दार वाजलं. ‘बासी, उघड गं. मला आईसमोर बसू दे.’ किती वर्षांनी तुझ्या तोंडून आपली आयमारा भाषा ऐकली. तोमासकाका उठले. मी त्यांना खाली बसवलं आणि कडी लावली.

‘मागच्या दाराने या,’ मी म्हटलं.

‘या खोलीला मागचं दार नाहीये, बासी.’

‘मग राहू दे.’

तू बाहेर गालिच्यावर बसलीस. आईने शिकवलेली प्रार्थना म्हणायला लागलीस, मध्येच अडखळलीस, तोमासकाकांनी आतून शब्द पुरवला. मी उघडलं नाही. बारा वाजले, आम्ही ऊस आडवे केले, टेबल मोडलं. तोमासकाका म्हणाले, ‘बासिलिया, मेलेल्याच्या दारात कुणाला अडवत नसतात. हे पाप तुझ्या माथी.’ मी म्हटलं, ‘माथ्यावर हॅट आहे.’ दार उघडलं तेव्हा तू निघून गेली होतीस.

ताई, त्या दिवशी दारावर तू गप्प राहिलीस, एवढाच तुझा गुन्हा. ‘आमची स्वयंपाकीण’ हे मी म्हटलं. चौदा वर्षांची होते, तू शिवून घेतलेला गुलाबी झगा अंगावर होता, आणि ही बाई कोण, असं दारावरचा माणूस मलाच विचारत होता. आईने ऐकलं. आत जाऊन मी तुझ्या शेजारी बसले आणि केक खाल्ला, दोन तुकडे. पुढे सगळ्या गल्लीने तुला नावं ठेवली. ती ठेवताना मी सगळ्यांत पुढे होते, आणि तू एकदाही माझं नाव घेतलं नाहीस.

काल तू आत येऊन रडली असतीस, आईने तुला पदरात घेतलं असतं, आणि त्या खोलीत माफी न मागितलेली मी एकटी उरले असते. म्हणून कडी लावली. तीन वर्षं टेबल मांडलं, पण माफीचे ते चार शब्द फोटोसमोर माझ्या तोंडून फुटले नाहीत. आता ती परत यायची नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस.

दारावर बोलली ती,
तुझी धाकटी बहीण
बासिलिया