तक्त्यात नसलेलं बाष्प

सर,

तुमच्यावर चिडलोय. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मग कुणावर धरू? अंबरनाथच्या आपल्या शाळेत तुम्ही प्रयोगशाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने तक्ता रंगवलात, पृथ्वीची उष्णता अडवून धरणाऱ्या वायूंचा. त्यात कार्बन डायऑक्साइड आहे, मिथेन आहे. बाष्प नाही. विसरलात की जागा पुरली नाही, देव जाणे. आता मी तिथेच विज्ञान शिकवतो आणि सरस्वतीपूजनाला त्या तक्त्यालाही हार चढतो.

परवा चाचणीत विचारलं होतं, रात्री जमिनीची उष्णता सगळ्यात जास्त कोण अडवतं? बदलापूरहून येणाऱ्या एका मुलीने लिहिलं, हवेतलं बाष्प. जमीन डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडते, बाष्प ते शोषून घेतं आणि त्यातली बरीच उष्णता खाली परत धाडतं. म्हणून जानेवारीच्या कोरड्या हवेत आमच्या बदलापुरात, कुळगावात पहाटे हुडहुडी भरते आणि मे महिन्यात आभाळ मोकळं असलं तरी रात्रभर उकडतं. मी पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापिकाबाईंनी पेपर परत मागवून त्यावर फुली मारली. मी पुस्तकं नेऊन दाखवली, वाद घातला. त्या शांतपणे म्हणाल्या, "सरांनी भिंतीवर लिहून ठेवलंय. तुम्ही त्यांच्यापेक्षा शहाणे का?" स्टाफरूममधले बाकीचे आपापले पेपर तपासत राहिले. सगळे तुमचेच विद्यार्थी.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मी आठवीत आहे. तुम्ही फळ्यावर चुकीचं सूत्र लिहिता, मी निमूटपणे उतरवून घेतो. तुम्ही माझी वही वर्गाला दाखवता आणि विचारता, "मी लिहिलं म्हणून खरं झालं का रे, गाढवा?" वर्ग हसतो, मला रडू येतं. त्या ओरड्यावर मी आजवर शिक्षक म्हणून जगलो. बाईंच्या वाट्याला तो कधी आलाच नसावा.

काल प्रयोगशाळेत त्या मुलीला मी मुद्दाम तोच प्रश्न विचारला. ती उभी राहिली, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "कार्बन डायऑक्साइड, सर." कारण विचारलं तर तिने तक्त्याकडे बोट दाखवलं. अशी शहाणी पोर आम्ही सगळ्यांनी मिळून वाकवली, तीही तुमच्या नावाने.

आता खरं सांगतो. कॅम्प चारच्या बाजारातून रंगाची डबी आणलीय. तक्त्यात बाष्प लिहिणार आहे. पण माझ्या हातचं दिसलं तर दुसऱ्या दिवशी पुसतील, म्हणून घरी बसून तुमचं अक्षर गिरवतोय. तुमच्यासारखा पोटफोड्या ष काही केल्या जमत नाही.