जुनिपरची पुढची बाजू

अप्पा, आज तुमचं जुनिपरचं बोन्साय मी बाल्कनीतून उचलून ओट्यावर आणलं. त्याची पुढची बाजू बदलायची, असं ठरवूनच आणलं. तुम्ही असतात तर "खाली ठेव आधी ते" म्हणून ओरडला असतात. आता ओरडायला कुणी नाही, म्हणून आणलं.

ठरलं ते मागच्या आठवड्यात. निगडीला आमचा बोन्सायवाल्यांचा एक गट जमतो, तिथं झाड नेलं होतं. एक बाई भोवती फिरल्या, वाकून मागून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, खोडावर एवढी सुंदर पांढरी पट्टी आहे सुकलेल्या लाकडाची, ती मागं कशाला लपवलीय? लोक मुद्दाम साल सोलून करतात अशी." मी नुसती हसले. पण घरी येताना स्कूटरवर डोकं असं तापलं होतं की पुनावळ्याचा फाटा मागं गेला तरी मला पत्ता नाही. लपवलीय म्हणे. अगदी नेमका शब्द सापडला होता त्या बाईंना.

ती पट्टी कशी पडली ते त्यांना काय माहीत! कंपनीच्या गेटाशेजारची बाग काढली तेव्हा तुम्ही ते झाड पोत्यात घालून घरी आणलंत. वळण द्यायला लोक मऊ ॲल्युमिनियमची तार विकत आणतात. तुम्हाला तो कमीपणा वाटायचा. टूलरूमचा माणूस, तो कशाला तार विकत आणेल? तुम्ही भंगारातली अर्थिंगची जाड तांब्याची तार आणलीत. ती कडक असते, पण लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की मऊ पडते. आता घरात भट्टी कुठली, तर आईचा गॅस. गुरुवार होता, कंपनीची सुट्टी. मी चौथीत. तुम्ही सांगितलंत म्हणून बादली धरून बर्नरच्या शेजारी उभी. "कुठं बघायलीस? नीट धर की बादली," असं तुम्ही म्हणताय, आणि सांडशीतलं वेटोळं घसरतंय. त्याचं एक टोक सुटून असं उसळलं की माझ्या उजव्या कानापासून हनुवटीपर्यंत चर्रकन रेघ ओढून गेलं. आई किंचाळली. मला किंचाळायचंही सुचलं नाही.

चूक झाली, अप्पा. माणसाच्या हातून होते. तिचा राग मी कधीच सोडला असता. पण शेजारच्या काकू धावत आल्या तेव्हा तुम्ही दारातच काय सांगितलंत? "गॅसवर वाकली. धसमुसळी हाय पोरगी, सांगून ऐकत नाही." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! माझ्या गालावर ओली पट्टी, मी खाटेवर, आणि बाहेर माझाच गुन्हा सांगितला जातोय. त्या दिवसापासून लातूरपासून चिंचवडपर्यंत सगळ्या नातेवाइकांत मी धसमुसळी. आणि संध्याकाळी तुम्ही काय केलंत? ती अर्धवट तापलेली तार वाया जाऊ नये म्हणून झाडाला गुंडाळलीत. ती मऊ झालीच नव्हती. तुम्ही जोर लावलात आणि खोड तडकलं. मी खाटेवरून तो आवाज ऐकला. तडकलेली बाजू हळूहळू वाळली, पांढरी झाली. झाडाबद्दल तेवढं तुम्हाला हळहळताना मी बघितलंय.

मग झाडाची पुढची बाजू, म्हणजे बघणाऱ्यासमोर ठेवायची बाजू, ठरवायचा सोहळा. बेअरिंगवर बसवलेली फळी तुम्ही कंपनीतून करून आणली होती. झाड तिच्यावर, तुम्ही खाली पाटावर एक डोळा मिटून, आणि फळी फिरवायला मी, गालावरच्या व्रणाला अजून मलम. "थांब. मागं घे. अजून. हां, हीच." जॉब हातात घेतला की आधी कुठल्या बाजूवरून मापं घ्यायची ते ठरवायचं, ते एकदा ठरलं की बदलायचं नाही, असं तुमचं म्हणणं. पांढरी पट्टी भिंतीकडे गेली. त्यानंतर माझी पाळी. शाळेचा फोटो, मावशीचं लग्न, बारशी, सगळीकडे तुमचं एकच. "मान इकडं कर." मला बघायला पाहुणे आले तेव्हा तुम्ही सकाळीच खुर्ची उचलून उजव्या अंगाला भिंत येईल अशी ठेवलीत, आणि मला हळूच म्हणालात, "चहा देताना डावीकडनं वाक." मी ते सगळं केलं. नवऱ्यानं लग्नानंतर विचारलं, हे कशाचं गं, तर माझ्या तोंडून सरळ निघालं, गॅसवर वाकले होते.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. पार्टवर चरा दिसला तर तो कुणाच्या हातून पडला हे आम्ही आधी लिहितो. पार्टनं स्वतःला चरा पाडला असं आजवर एकाही ऑपरेटरनं मला सांगितलेलं नाही. तेवढी लाज त्यांना आहे.

तर आज सकाळी झाड अर्धं फिरवलं. पट्टी पुढं आली. पण आता एक जाड फांदी सरळ माझ्या डोळ्यांत घुसत होती. तुमच्या बाजूनं बघताना मागं जाणारी, सगळ्यात खालची फांदी. ही पुढची बाजू ठेवायची तर तिला कापायलाच हवं, आणि जुनिपरची अशी फांदी परत फुटत नाही. मी कात्री घेतली. आई पलीकडे मेथी निवडत होती. म्हणाली, "मेलेल्या माणसावर कशाला राग काढायलीस?"

"जिवंत होते तेव्हा काढू दिलास का?" मी म्हटलं. "मूग गिळून बसलीस."

ती मेथी निवडत राहिली.

कापायच्या आधी मी खाली बसले, तुमच्यासारखीच एक डोळा मिटून. कुठलंही झाड आधी बुडाकडून बघायचं, तसं बघितलं. बुडाशी मुळं एका बाजूला आवळलेली. खोड खांबासारखं सरळसोट, वळण कुठं दिसेना. शेंडा पाठ फिरवून मागं झुकलेला. थोडं फिरवलं, पुन्हा बघितलं. फांदी मनातल्या मनात कापून बघितली. पट्टी सुंदर दिसत होती, पण झाडच दिसत नव्हतं. मला इतका संताप आला की कात्री ओट्यावर आपटली. कारण तुमचं बरोबर होतं. पट्टी नसती तरी त्या झाडाची पुढची बाजू तीच होती. मला ते झाड माझ्या बाजूनं साक्षीला हवं होतं, आणि ते आलं नाही.

झाड जसं होतं तसं फिरवून ठेवलं. फांदी शाबूत आहे.

मग दुपारी जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, "मी गॅसवर वाकले नव्हते. अप्पांच्या हातातली तार लागली होती." त्यांचा घास हातातच राहिला. "मग तुझे अप्पा मला सांगायचे ते?"

"खोटं."

"आणि तू सांगायचीस ते?"

"तेही त्यांचंच."

त्यांनी आईकडे बघितलं. आई ताटात बघत म्हणाली, "मी होते की तिथंच. पोरीची काही चूक नव्हती." एवढंच. एवढ्या एका वाक्यासाठी माझं अर्धं आयुष्य गेलं, अप्पा, आणि ते वाक्य तुमचं होतं. ते तुम्ही बोलायचं होतं, शेजारच्या काकूंसमोर, दारात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. खरं सांगायचं तर, तुम्ही आज समोर बसला असतात तर झाडाचं तुमचं बरोबर होतं, तेवढंच मी सांगितलं असतं. बाकीचं बोलायची माझी छाती झाली नसती.