परक्लोरिकची किल्ली

४ सप्टेंबर

गेली! एकोणीस वर्षं माझ्याकडे असलेली किल्ली आज सरांनी त्या नवीच्या हातात दिली. "ताई, तुमचा भार जरा हलका होईल." भार! मी कधी कुरकुर केली होती? प्रयोगशाळेत कुणीही काहीही हाताळावं, पण परक्लोरिक आम्लाचं कपाट उघडायचं ते मीच. नवीला येऊन जेमतेम महिना झालाय. आयत्या बिळावर नागोबा!

घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "आम्लाची कसली गं हौस? सुटलीस!" ह्यांना काय कळणार.

५ सप्टेंबर

"तिला नीट शिकवा, दोन दिवस घ्या," सर म्हणाले. मी वीस मिनिटांत आटपलं. बाटली काचेच्या ट्रेमध्येच ठेवायची, स्पिरिटच्या शेजारी कधीच नाही. थंड असताना हे आम्ल इतर आम्लांसारखं गप्प असतं, तापलं की समोर येईल ते जाळतं — म्हणून तर मातीचे नमुने त्यात पार विरघळतात आणि आतले धातू मोजता येतात. काम झालं की धूर ओढणारं नळकांडं पाण्यानं धुवायचं, नाहीतर आत खडे साचतात आणि एक दिवस धडाम!

सांडलं तर काय करायचं, ते सांगितलं नाही. विचारायचं होतं तिनं.

१० सप्टेंबर

सरांनी सगळ्यांसमोर तिचे आकडे वाचून दाखवले. "नमुना असा विरघळायला हवा!" म्हणजे माझे नमुने इतकी वर्षं काय दगडच राहत होते? अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर ती म्हणते, "ताईंनीच शिकवलंय." नाटकी मेली.

११ सप्टेंबर

जळतेय मी. कळतंय मला.

१६ सप्टेंबर

आज तिच्या हातून चमचाभर आम्ल ओट्यावर सांडलं. मी दारातच होते. बाईसाहेबांनी काय करावं? टिश्यू पेपरनं पुसलं आणि बोळा कचऱ्याच्या डब्यात! भरपूर पाणी, मग सोडा — हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कागद ह्या आम्लात भिजून वाळला की त्याला काडी लावावी लागत नाही, नुसता धक्का पुरतो.

तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. सर रोज सकाळी डबे तपासतात. उद्या कळेलच त्यांना, किल्ली कुणाला दिली ते.

१७ सप्टेंबर

सर आलेच नाहीत. ताप आलाय म्हणे.

वाटलं, डब्यात पाणी ओतावं. बादलीसुद्धा भरली. तेवढ्यात सरांचा फोन आला — माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी! बादली तिथेच ठेवली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले.

साडेअकराला डबा भरला म्हणून तिनं हातानं कचरा दाबला. केवढा भडका! मी धावले, तीच बादली तिच्या हातावर ओतली. उजवा हात आहे. किंकाळी अजून कानात आहे.

१८ सप्टेंबर

सर ताप अंगावर घेऊन आले. "चुकलो मी, ताई. अनुभव तो अनुभव." किल्ली माझ्या हातात ठेवली. घेतली मी! नको म्हणायला जीभ वळली नाही.

खरं लिहायचं तर तिनं विचारलं होतं. पाच तारखेला, वही मिटताना. "अजून काही राहिलंय का, ताई?" मी म्हटलं, "नाही."

जेवण गेलं नाही. ह्यांना वाटतंय, दगदग झाली.

२० सप्टेंबर

दवाखान्यात जाऊन आले. दोन बोटं वळणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. मी खाली मान घालून बसले होते. तीच माझी समजूत काढायला लागली — "तुमचा काय दोष? माझंच चुकलं. पुसताना धाकधूक होती मला. पण तुम्ही दारातून बघत होतात ना, ताई. काही बोलला नाहीत, तेव्हा म्हटलं, बरोबरच करतेय मी."