देवाजी शाहिरांच्या टेपवरची बाई

मूल गाव, आषाढ पौर्णिमा, १९८६

आज आलं ते: विहारासाठी मेणबत्त्या, तीन रुपये. टेपरेकॉर्डरचे सेल, दहा रुपये. आणि माजरीहून भाऊजींनी आणलेली देवाजी शाहिरांच्या भीमगीतांची कॅसेट, फुकट. कंपनीने ती बाजारात काढलीच नाही, ही नकलेची नक्कल.

वंदना झाल्यावर विहारातच लावली आणि वाद पेटला. शेजारचे गुलाबभाऊ म्हणे, "नागपूरच्या स्टुडिओत भरली." सिंधूबाई म्हणाल्या, "मंग स्टुडिओत कोंबडा आरवते काऊन?" सगळे हसले.

पुढच्या गाण्यात कोरसातली एक बाई शाहिरांची ओळ संपायच्या आतच पुढची उचलते. धानाच्या रोवण्यात, रोपं लावताना गाणाऱ्या बायका उचलतात, तश्शी. शाहीर हसून म्हणतात, "बाई, मले संपवू त द्या!"

मी ओरडलेच, "मागं घ्या, मागं घ्या!" पुन्हा पुन्हा ऐकलं. हे म्हणाले, "आज सेल वाया जाऊन नाई राह्यले का?" जाऊ देत! ती माझी आई आहे. आईच ना? ती गेली, आणि तिचा एक फोटोसुद्धा नाही घरात. ओळ अशी उचलणारी दुसरी कोण?

"पुरावा का हाये?" गुलाबभाऊंनी विचारलं. नाही माझ्याजवळ. शाहीर माहेरी धानोऱ्याला गायले तेव्हा मी इथे सासरी होते; ताई तिथेच होती.

ताईला कार्ड टाकते, एवढंच: ताई, देवाजी शाहीर गायले त्या दिवशी आपल्या विहारात कोणी गाणी भरून घेतली होती का? आई कोरसात बसली होती का? उलट टपाली कळव.